अंगावर काढलेली दुखणी

"मेलेला उंदीर दिसला की त्याला हात लावायचा नाही आणि त्या घरात रात्र काढायची नाही." हे वाक्य आजीने तिच्या आईकडून ऐकलं होतं आणि मी आजीकडून. आजी आमच्या घाटकोपरच्या घरात, तांदूळ निवडता निवडता, प्लेगच्या गोष्टी सांगायची. त्या गोष्टींत राक्षस नव्हते, राजे नव्हते. पण माझ्या लहानपणी मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्यांचीच, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोगही त्यांचाच झाला.

आजीची आई, म्हणजे माझी पणजी, तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिचे वडील मुंबईत मांडवीला धान्याच्या वखारीत कारकून होते. १८९६ चा पावसाळा सरत आला होता. वखारीतले उंदीर दिवसाउजेडी बिळाबाहेर यायला लागले. माणसाला न घाबरता ते झोकांड्या खात जायचे आणि कुठेतरी कोपऱ्यात कोसळायचे. हे पहिल्यांदा पाहिलं हमालांनी. त्यांच्यातला एक म्हातारा हमाल पणजीच्या वडिलांना म्हणाला, "भाऊसाहेब, उंदीर पडायला लागलेत. पोराबाळांना घेऊन निघा." वडिलांनी त्या आठवड्यातच बिऱ्हाड बांधलं आणि ग्रँट रोडला गाडीत बसून सगळ्यांना घेऊन ते अंधेरीला आले. तेव्हाची अंधेरी म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यातलं गाव. भातखाचरं, ताडाची झाडं, मधेमधे ईस्ट इंडियन आणि कोळी वस्त्या. एका ओळखीच्या ईस्ट इंडियन शेतकऱ्याच्या वाडीत त्यांनी झावळ्यांचं खोपटं घातलं आणि चार-सहा महिने त्यात काढले.

मांडवीतच डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये हा ताप साधासुधा नाही, गाठीचा प्लेग आहे, असं ओळखलं. ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. ते रुग्ण तपासत होते, तसेच महापालिकेचे सभासदही होते, म्हणून त्यांनी ही गोष्ट दवाखान्यापुरती न ठेवता सगळ्या शहरासमोर मांडली. व्यापार बसेल, बंदर बंद पडेल, या धास्तीने हे निदान पुष्कळांना नको होतं. पण निदान खरं होतं. पुढच्या काही महिन्यांत सुमारे निम्मी मुंबई शहर सोडून गेली. कुणी कोकणात, कुणी घाटावर, कुणी साष्टीतल्या मोकळ्या रानांत. आज आपण ज्यांना उपनगरं म्हणतो त्यांतल्या कितीतरी ठिकाणी शहरातली माणसं पहिल्यांदा राहायला आली ती या पळापळीत. वांद्र्यापासून पुढच्या गावठाणांत, गल्लीच्या तोंडाशी, प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस अजून दिसतात. त्यांना हार घातलेला असतो, संध्याकाळी मेणबत्ती लागते. शेजारून रिक्षा जात असतात, आणि त्या क्रुसाचं कारण आता फारच थोड्यांना ठाऊक असतं.

उंदीर आणि प्लेग यांचं नातं शास्त्राने नंतर उलगडलं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीला प्रयोग करून दाखवलं की रोग पसरवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला आणि त्याचं अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. घरात दुसरा उंदीर उरला नसेल तर ते अंग माणसाचं असतं. म्हणजे उंदीर पडल्यावर ताबडतोब घर सोडणारा माणूस बरोबर वागत होता. मांडवीच्या त्या म्हाताऱ्या हमालाला जंतू माहीत नव्हता, पिसूचं काम माहीत नव्हतं. पण आधी काय घडतं आणि मग काय घडतं हा क्रम त्याने डोळ्यांनी पाहिला होता, आणि जे पाहिलं ते त्याने बोलून दाखवलं. आमचं कुळ त्याच्या त्या दोन वाक्यांवर उभं आहे.

पणजीचे धाकटे काका मात्र मुंबईतच राहिले. नोकरी सोडवत नव्हती. पुढच्या थंडीत काकूला ताप आला. काखेत गाठ आली. तिने दोन दिवस ती पदराखाली झाकून ठेवली, नवऱ्यालाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला उभं राहता येईना तेव्हा कळलं. पाचव्या दिवशी ती गेली. आजी ही गोष्ट सांगताना नेहमी इथे थांबायची आणि म्हणायची, "तिला कळलं नव्हतं असं नाही हो. गाठ म्हणजे काय, हे तेव्हा मुंबईतल्या पोराटोरांनाही माहीत होतं."

मग का लपवली? याचं उत्तर त्या काळच्या इतिहासात आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. घरात घुसून तपासणी करायची, रुग्णाला उचलून न्यायचं, घरच्यांना छावणीत ठेवायचं, सामान जाळायचं, असे अधिकार सरकारला मिळाले. मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारभारात गोरे शिपाई थेट माजघरात शिरले. गाठ येते ती काखेत नाहीतर जांघेत, आणि तिथे परक्या पुरुषाने बाईला तपासायचं, ही कल्पनाच लोकांना मरणापेक्षा वाईट वाटत होती. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, असं जो तो म्हणत होता. कायद्याच्याही आधी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेला होता. लोक बहुतेक शेवटच्या घटकेला तिथे नेले जायचे, म्हणून ते मरायचे. ते मरायचे, म्हणून बाकीचे आणखी उशिरा जायचे. हे चक्र त्या काकूसारख्या किती जणींना गिळून गेलं असेल.

त्याच साथीतलं दुसरं चित्रही आजीने मला सांगितलं होतं. पुण्याजवळ सावित्रीबाई फुल्यांनी, त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात, प्लेगचे रुग्ण आणायला सुरुवात केली. त्या स्वतः वस्त्यांत जात. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत आल्या आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. माणूस शिपायाच्या धाकाने दवाखान्यात जात नाही. ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाने हात धरला तर जातो. सव्वाशे वर्षांत ही गोष्ट बदललेली नाही.

मुंबईतच, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या खोलीत वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था आज परळला आहे. पणजीच्या वडिलांनी पुढे घरातल्या सगळ्यांना लस टोचवून घेतली. भावजयीच्या मरणानंतर त्यांना कुणी समजवावं लागलं नाही.

आजीची स्वतःची आठवण १९१८ ची. ती सहा वर्षांची होती. त्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला लोक मानमोडी म्हणत. मुंबईत ती जूनमध्ये गोदीतून शिरली. तिथे पहाऱ्यावर असलेले पोलिस आधी आजारी पडले. ती पहिली लाट ओसरली तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण सप्टेंबरात ती पुन्हा उसळली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. तेव्हा या तापावर औषध नव्हतं. आजीच्या घरात आठ जण आजारी पडले आणि आठही वाचले. ती सांगायची ते असं: "आईने पहिल्या कणकणीलाच माणसाला आडवं करायचं. कामाला जाऊ द्यायचं नाही. पेज, पाणी आणि पांघरूण. शेजारचे एक जण ताप अंगावर घेऊन चार दिवस कामाला गेले. पाचव्या दिवशी ओठ निळे पडले." निळे ओठ म्हणजे फुफ्फुसांतून रक्ताला प्राणवायू मिळेनासा झाल्याची खूण. पुढे २०२० साली आपण सगळ्यांनी बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावून तोच प्राणवायू मोजला. आजीच्या आईजवळ यंत्र नव्हतं. तिच्याजवळ नजर होती, आणि माणसाला हट्टाने अंथरुणात ठेवण्याचा अधिकार होता.

लग्नानंतर आजी घाटकोपरला आली. हे भाग तेव्हा महापालिकेच्या हद्दीतही नव्हते. घाटकोपर महापालिकेत आलं ते १९५० साली, आणि त्यापुढचा मुलुंड-दहिसरपर्यंतचा पट्टा १९५७ साली. रात्री-अपरात्री मूल फणफणलं तर जवळ मोठं रुग्णालय नव्हतं. परळचं केईएम १९२६ पासून होतं, शीवचं रुग्णालय १९४७ साली आलं. तिथे जायचं तर पहिली लोकल सुटेपर्यंत वाट पाहायची. त्यामुळे ताप ओळखणं हे त्या पिढीतल्या बायकांना शिकावंच लागलं. एक दिवसाआड हुडहुडी भरून येणारा आणि घाम येऊन उतरणारा ताप म्हणजे हिवताप. त्यावर कोयनेलच्या कडू गोळ्या. उतरल्यासारखा वाटतो पण रोज संध्याकाळी थोडा थोडा चढतच जातो तो विषमज्वर. मूल मान पुढे वाकवू देत नाही, उजेडाकडे पाहत नाही, तर सकाळची वाट पाहायची नाही, टांगा मिळेल तिथून आणायचा. आजी कपाळाला हात लावून ताप बघायची नाही. ती हाताची मागची बाजू मुलाच्या पोटाला लावायची, मग त्याच्या पायांची बोटं चाचपायची. अंग तापलेलं आणि पाय बर्फासारखे गार असतील तर तिचा चेहरा बदलायचा. आज डॉक्टर सांगतात की जंतुसंसर्ग रक्तात भिनायला लागला की हातपाय गार पडतात, ही धोक्याची खूण आहे. आजीने ती खूण कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती.

पण सगळं घरात कळत असूनही बोललं गेलं नाही, असं आमच्या घरात पुन्हा घडलं. ते माझ्या मामाचं दुखणं. १९५० च्या दशकाची सुरुवात. मामा भांडुपच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याला खोकला लागला. संध्याकाळी अंगात कसर, रात्री उशी भिजेल इतका घाम, पँट कमरेला सैल. माझ्या आईने त्याचे रुमाल धुताना एका रुमालावर रक्ताचा डाग पाहिला. तिने विचारलं तर तो म्हणाला, "दात दुखतोय." खरं कारण दुसरंच होतं. मावशीचं लग्न ठरत होतं. घरात क्षयाचा रोगी आहे असं कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाचं नाव घ्यायलाही लोक घाबरत. "त्याला शिवडीला नेलंय" एवढं म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणायचा.

आईने मात्र तो रुमाल आजीला दाखवला. ती तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती, आणि भावाची चहाडी केली म्हणून तिने शिव्याही खाल्ल्या. आजीने रुमाल पाहिला, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मामाला घेऊन पहिल्या गाडीने परळला गेली. तिला पदराखालची गाठ आठवली असणार. स्ट्रेप्टोमायसिन हाताशी आलं होतं. इंजेक्शनं, पास नावाचं औषध आणि आयसोनियाझिडच्या गोळ्या असं करत मामा दीड वर्षाने बरा झाला आणि पुढे ऐंशीच्या घरात जाऊन वारला. मावशीचं लग्नही झालं, वर्षभर उशिरा. काही वर्षांनी मद्रासच्या क्षयरोग केंद्रातल्या अभ्यासाने १९५९ मध्ये जगाला दाखवून दिलं की क्षयाच्या रुग्णाला घरी ठेवून औषध दिलं तरी तो रुग्णालयाइतकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यामुळे वाढीव धोका होत नाही, कारण रोग पसरतो तो बहुतेक औषध सुरू होण्याआधीच. म्हणजे लपवण्याने घर वाचत नाही. घर धोक्यात येतं ते लपवलेल्या दिवसांतच. आजही दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्याला थुंकी तपासायची असते. ती तपासणी आणि औषध दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तरीही मुंबईत क्षय हटलेला नाही, आणि दाट वस्त्यांमध्ये तो अजून तसाच लपवला जातो.

उंदीर आमच्या घराच्या गोष्टीत परत आला तो २६ जुलै २००५ ला. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही पडला नव्हता. म्हणजे तो प्रलय उपनगरांचा होता. मिठी नदीने कुर्ला, कलिना पोटात घेतलं, साकीनाक्याला दरड कोसळली, तबेल्यांतली जनावरं दाव्याला बांधलेली बुडाली. मी अंधेरीच्या एमआयडीसीतून मरोळ, साकीनाका, असल्फा असं करत घाटकोपरला चालत आले. काही ठिकाणी पाणी छातीपर्यंत होतं. त्यात गटार होतं, डिझेल होतं, मेलेली जनावरं होती. आणि डोळ्यांना न दिसणारं आणखी एक होतं. उंदीर-घुशींच्या लघवीतून आलेले लेप्टोस्पायरा नावाचे जंतू. पायाला खरचटलेलं असेल, भेगा असतील, तर ते तिथून अंगात शिरतात. ताप बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांनी येतो. तोवर पाणी ओसरलेलं असतं, चिखल धुऊन झालेला असतो, माणूस कामाला लागलेला असतो. त्या पाण्याशी या तापाचा संबंध आहे हे मनातही येत नाही.

आमच्या शेजारचा मुलगा बावीस वर्षांचा. त्या रात्री तो कुर्ल्याहून चालत आला होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याला ताप आला. त्याने कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून गोळ्या आणल्या. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. त्याच्या आजीने दोन गोष्टी पाहिल्या. जिना उतरताना तो कठड्याला लोंबकळत एकेक पायरी उतरत होता आणि पोटरीला हात लावला की ओरडत होता. आणि त्याचे डोळे डोळे आल्यासारखे लालभडक होते, पण चिपडं नव्हती, पाणी नव्हतं, चिकटत नव्हते. "डोळे आलेले असे नसतात," ती म्हणाली. तिने त्याला तशाच अवस्थेत गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं.

मी सोबत होते. डॉक्टरांनी नाडी बघण्याआधी विचारलं, "२६ तारखेला कुठे होतास?"

तो म्हणाला, "कुर्ल्याला, पाण्यात."

"किती वेळ?"

"रात्रभर."

मग डॉक्टरांनी त्याची पोटरी दाबून पाहिली, खालची पापणी ओढून डोळे पाहिले आणि त्याच्या आजीला विचारलं, "आजी, लघवीला किती वेळा जातोय हा?" आजींनी तेही पाहिलेलं होतं. सकाळपासून एकदाच, आणि गर्द पिवळी. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "घरी जाऊन कपडे भरत बसू नका. इथूनच राजावाडीला जा." रुग्णालयात रक्त तपासलं, मूत्रपिंडावर ताण आलेला होता, पेनिसिलिन सुरू झालं. आठवड्याभराने तो घरी आला. पुढच्या गल्लीतला एक रिक्षावाला त्याच दिवसांत तसाच आजारी होता. तो पाच दिवस गोळ्या खाऊन रिक्षा चालवत राहिला. डोळे पिवळे झाल्यावर त्याला नेलं, तेव्हा फुफ्फुसांत रक्तस्राव सुरू झाला होता. तो वाचला नाही. दोघांचा जंतू एकच, औषध एकच, वयही जवळपास सारखं. फरक होता तो चार दिवसांचा, आणि डोळ्यांकडे निरखून बघणारं घरात कुणीतरी असण्याचा.

आता महापालिका दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर चोवीस ते बहात्तर तासांच्या आत दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या. ते डॉक्सिसायक्लिन. साधं, स्वस्त औषध आहे. गरोदर बाईला आणि लहान मुलाला वेगळं औषध लागतं, म्हणून दवाखान्यातच जायचं. ही सूचना दरवर्षी वर्तमानपत्रात येते आणि आपण पान उलटतो. माझी विनंती आहे की ती कापून घराच्या दारामागे लावा.

लेप्टोबरोबर उपनगरांत डेंगी असतो. त्याच्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत हवी. डेंगीत धोका येतो तो बहुतेकदा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. घरचे म्हणतात, ताप गेला, बरं वाटतंय. आणि नेमकं तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागलेलं असतं. पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, माणूस गुंगीत किंवा उगाच चिडचिडा. यातलं एकही दिसलं तर त्याच तासाला निघायचं. आणि तापाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी गोळी घ्यायची नाही, त्याने रक्तस्राव वाढतो.

माझ्या पिढीत दुखण्यांची नावं बदलली, अंगावर काढण्याची सवय तीच राहिली. लोकलच्या गर्दीत लटकून जाणाऱ्या पन्नाशीच्या माणसाच्या छातीवर दडपण येतं, जबडा दुखतो, दरदरून घाम सुटतो, आणि तो "पित्त झालंय" म्हणून सोडा पितो. कित्येक बायकांना आणि मधुमेह्यांना तर छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो आणि विलक्षण थकवा येतो. हृदयाची वाहिनी बंद झालेली असेल तर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. पक्षाघातात चेहरा एका बाजूला ओढला जातो, हात उचलत नाही, बोलणं जड होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून "झोपू द्या, सकाळी बघू" हे वाक्य त्या रात्री कुणीच बोलू नये. १०८ ला फोन करावा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते कागदावर लिहून न्यावं. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

आणि बाईचं दुखणं. हे लिहिताना मला माझी आत्या दिसते. बोरिवलीच्या घरात सगळ्यांच्या सर्दी-खोकल्याची खबर ठेवणारी, नातवाला गोवर येणार हे आदल्या दिवशी त्याच्या डोळ्यांवरून सांगणारी. तिच्या स्वतःच्या छातीत गाठ होती आणि ती तिने वर्षभर कुणाला दाखवली नाही. का, तर दुखत नव्हती. सुनेचं बाळंतपण होतं, मग दिवाळी होती, मग गावची पालखी होती. टाटा रुग्णालय परळला १९४१ पासून उभं आहे, बोरिवलीहून लोकलने फारतर तासाचा रस्ता. तिथे ती पोचली तेव्हा रोग हाडांत गेला होता. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून थांबणं हीच त्या रोगाची सगळ्यात मोठी मदत. १८९७ मध्ये पणजीच्या काकूने गाठ लपवली, तेव्हा बाहेर शिपाई उभे होते. आत्याच्या दारात कुणी शिपाई नव्हता. तिला अडवलं ते घरच्या कामांनी, आणि "आपलं काय एवढं" या मनात मुरलेल्या समजुतीने. ती समजूत आपण सगळ्यांनी मिळून मुरवलेली आहे, आणि आपणच ती काढू शकतो. घरातल्या बाईला "तुझं काय दुखतंय?" हे विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

वडीलधाऱ्यांच्या या गोष्टींतून मी एक गोष्ट पक्की शिकले. रोगाची पहिली खूण जवळजवळ नेहमी घरातच दिसते. हमालाने उंदीर पाहिला, आईने रुमाल पाहिला, शेजारच्या आजीने डोळे पाहिले. जी माणसं वाचली ती खूण दिसली म्हणून वाचली नाहीत. खूण पाहणाऱ्याने ती मोठ्याने सांगितली, आणि ऐकणाऱ्याने त्याच दिवशी उठून दवाखाना गाठला, म्हणून वाचली. आज आपल्या वॉर्डात महापालिकेचा 'आपला दवाखाना' आहे, राजावाडी, कूपर, भगवती अशी रुग्णालयं आहेत. आजीला परळची पहिली लोकल पकडावी लागली, आपल्याला रिक्षा पुरते.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. या पावसाळ्यात पाण्यातून चालून आलात तर तीन दिवसांत दवाखान्यात जा, आणि पुढचे पंधरा दिवस ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "मी पाण्यातून आलो होतो" हे सांगा. दोन आठवड्यांच्या खोकल्याची थुंकी तपासा. न दुखणारी गाठ दाखवा. घरातलं कुणी "काही नाही, बरं वाटेल" म्हणालं तर त्याचं ऐकू नका, त्याला सोबत घेऊन निघा. दुखणं अंगावर काढणं हा शूरपणा नाही. त्याची किंमत बहुतेकदा मागे राहिलेल्यांना मोजावी लागते.